सार्वजनिक काका आणि अंगावरचे कापड

वर्गणीच्या पावतीवर, मांडवाच्या कमानीवर, आरतीच्या पत्रकावर सार्वजनिक हा शब्द आपण इतक्या वेळा वाचतो की त्याच्याकडे आपले लक्षच जात नाही. हा शब्द ज्यांच्या नावाला असा चिकटला की आडनावसुद्धा मागे पडले, असे एक गृहस्थ पुण्यात होऊन गेले. गणेश वासुदेव जोशी हे त्यांचे नाव. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. लोकमान्यांनी १८९३ मध्ये उत्सवाला सार्वजनिक रूप दिले तेव्हा काकांना जाऊन तेरा वर्षे झाली होती. म्हणजे आपल्या उत्सवाशी त्यांचा तसा थेट संबंध नाही. तरीही स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मला आठवले ते काकाच. त्याचे कारण सांगतो.

यंदा कार्यकर्त्यांसाठी एकसारखे कुडते घ्यावेत असे बैठकीत निघाले. दर विचारला गेला, रंगावर बराच खल झाला, मापे लिहून घेतली गेली. कापड कोणी विणले आणि कुडता कोण शिवणार, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. येण्याचे कारणही नव्हते, बाजारात आपण कोणीच तो विचारत नाही. पण माझी नात कपड्यांच्या डिझाइनचा अभ्यासक्रम करते आणि तिच्या पुस्तकांत हाच प्रश्न मोठ्या अक्षरांत असतो. एथिकल फॅशन, सस्टेनेबल फॅशन अशी त्याची नावे. साध्या मराठीत सांगायचे तर, ज्यात करणाऱ्याची पिळवणूक नाही आणि माती-पाण्याची नासाडी नाही असे कापड अंगावर घालावे. तिच्या मते ही गेल्या पंधरा-वीस वर्षांतली चळवळ आहे. माझ्या मते हिचा एक धागा १८७२ सालापर्यंत, पुण्यातल्या एका वकिलाच्या चरख्यापर्यंत मागे जातो. आजी-आजोबांचे असे मतभेद नातवंडे मनावर घेत नाहीत, म्हणून इथे लिहितो.

काकांचा जन्म ९ एप्रिल १८२८ रोजी साताऱ्यात झाला. छत्रपतींची गादी तेव्हा नावापुरती का होईना उभी होती. काका विशीत असताना, १८४८ मध्ये, ती खालसा झाली. पुढे पुण्यात येऊन त्यांनी काही वर्षे सरकारी नोकरी केली आणि मग वकिलीची परीक्षा देऊन वकिली सुरू केली. इथपर्यंतचे आयुष्य त्या काळच्या कोणाही हुशार माणसासारखे. वळण आले ते पर्वती देवस्थानच्या कारभारावरून. देवस्थानाच्या पंचांविषयी लोकांच्या तक्रारी होत्या, आणि त्या मांडायला लोकांच्या वतीने बोलणारी संस्था नव्हती. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद होण्याची अट मला आजही विलक्षण वाटते. निदान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणल्याशिवाय कोणालाही सभेत बसता येत नसे. असे पंचाण्णव सभासद जमले, त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. काँग्रेस जन्माला यायला अजून पंधरा वर्षे होती. जबलपूरकरांसाठी एक जुळणी सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. त्याच १८७० च्या मार्च महिन्यात मुंबईकडून आलेली जी.आय.पी. रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे आपल्या जबलपुरात एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि मुंबई ते कलकत्ता सलग लोहमार्ग झाला.

आता कापडाकडे येऊ. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटचा कापूस गाडीने मुंबईला, तिथून बोटीने इंग्लंडला जाई, आणि तोच धोतरजोडी होऊन पुन्हा आपल्या बाजारात येई. एवढा प्रवास करूनही ती जोडी गावच्या कोष्ट्याच्या जोडीपेक्षा स्वस्त आणि तलम असे. लोक ती घेत. लोकहितवादींनी १८४८-४९ च्या शतपत्रांत परदेशी मालाविषयी आधीच बजावले होते, पण वाचणारे वाचून बाजूला ठेवत. १८७१ च्या अखेरीस महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि देशी व्यापारावर त्यांची व्याख्याने झाली. रानडे सरकारी नोकर, विचार आणि लिखाण त्यांचे. ते रस्त्यावर उतरवायला निराळा माणूस हवा होता.

तो माणूस काका. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी यापुढे खादीच वापरण्याची शपथ घेतली. हे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर खादी भांडार येते, तसे काही तेव्हा नव्हते. गांधीजी त्या वेळी दोन वर्षांचे होते. काकांनी स्वतः चरखा घेतला आणि आपल्या कपड्यांपुरते सूत ते स्वतः कातू लागले.

यात किती खटपट आहे ते एकदा पाहावे. कापूस वेचायचा, त्यातली सरकी काढायची, पिंजायचा, त्याचे पेळू करायचे, मग एकेक पेळू चरख्यावर कातायचा. हाताने कातलेले सूत एका मागाला पुरेसे पुरवायचे तर एकच चरखा भागत नाही, चार-सहा तरी चालावे लागतात. म्हणूनच गिरणीच्या यंत्रापुढे आधी बुडाली ती कातणारी. विणकराने गिरणीचे सूत मागावर चढवून आणखी काही वर्षे काढली. पण चरख्यावर चार पैसे मिळवणाऱ्या घरातल्या बायका, विधवा, म्हाताऱ्या यांची कमाई गेली आणि तिची कुठे नोंदही झाली नाही. पुण्याच्या एका प्रतिष्ठित वकिलाने दिवाणखान्यात चरखा घेऊन बसणे याचा अर्थ, जे काम हलके म्हणून संपत चालले होते ते त्याने आपल्या हाताने केले. शेजारीपाजारी हसले असतील. जाडेभरडे धोतर नेसून कोर्टात जाणे हे वकिलाच्या धंद्याला पोषकही नव्हते.

नुसते व्रत घेतले असते तर काका एक विक्षिप्त गृहस्थ म्हणून विसरले गेले असते. लोकांनी देशी माल घ्यावा तर तो मिळाला पाहिजे, हे त्यांना कळत होते. म्हणून देशी व्यापारोत्तेजक मंडळ निघाले. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा वस्तू इथेच करणाऱ्यांना त्यांनी उत्तेजन दिले, आणि माल विकण्यासाठी भागीदारीने दुकाने उघडली. ती पुण्यात, साताऱ्यात, मुंबईत, सुरतेत आणि आपल्या जवळच्या नागपुरातही होती. देशी मालाची प्रदर्शने भरवली. मला काकांचे सर्वांत मोठे काम हेच वाटते. भाषण ऐकून माणूस घरी जातो. दुकान समोर असले तर निदान आत डोकावतो.

या सगळ्यात घरातून साथ होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्रीविचारवती सभा सुरू केली. त्या सभेच्या हळदीकुंकवाला वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र बोलावल्या जात. १८७० च्या दशकात पुण्यासारख्या ठिकाणी हे सोपे नव्हते.

मग आला दिल्ली दरबार. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर केले. सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका दिल्लीला गेले. त्या काळी मुंबईहून दिल्लीला आगगाडीने जायचे तर सलग वाट एकच होती, इटारसी, जबलपूर, अलाहाबाद अशी. अजमेरवरून जाणारा मार्ग पुढे १८८१ मध्ये पुरा झाला. तेव्हा डिसेंबरच्या थंडीत काकांची गाडी आपल्या जबलपूरच्या स्टेशनावर थांबून, इंजिनात पाणी भरून पुढे गेली असणार. त्या गाडीत कुडकुडत बसलेल्या, जाड्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाकडे इथे कोणी वळूनही पाहिले नसेल.

दिल्लीत मात्र पाहिले. साठाहून अधिक संस्थानिक, त्यांचे हत्ती, जरीचे अंगरखे, हिरे-माणके, गोऱ्या अधिकाऱ्यांचे गणवेश, आणि त्यांत स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घातलेले काका. सभेच्या वतीने त्यांनी मानपत्र सादर केले. मजकूर नम्र होता, पण मागणी साधी नव्हती. हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय आणि सामाजिक दर्जा मिळावा, ही ती मागणी. कपड्यांनी बोलण्याची ही रीत पुण्यात पुढेही दिसली. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले होते, ते याच जातीचे.

ज्या दिवशी दिल्लीत दरबार भरला त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ ला, नागपुरात जमशेटजी टाटांची कापड गिरणी सुरू झाली. सम्राज्ञीच्या सन्मानार्थ तिचे नाव एम्प्रेस मिल ठेवले. म्हणजे एकाच दिवशी दिल्लीत हातसुताचे कपडे आणि नागपुरात वाफेवर फिरणाऱ्या चात्या. दोन्ही देशीच. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावत असत. २००२ मध्ये ती बंद पडली.

दरबाराचा झगमगाट चालू होता तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळ होता. १८७६ ते १८७८ ही ती भयंकर वर्षे. सभेने गावोगाव माणसे पाठवून पीकपाण्याची आणि लोकांच्या हालांची माहिती गोळा केली आणि सरकारपुढे ठेवली. १८७९ मध्ये त्याच लिटनसाहेबांनी, आपल्या कौन्सिलातील बहुमत डावलून, इंग्लंडहून येणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरची जकात काढून टाकली. लँकेशायरचे गिरणीवाले खूश झाले. काकांनी दुकाने मांडून सात वर्षांत जे मिळवले असेल त्यावर हा एका सहीचा फटका होता.

इथे मला माझे मत सांगितले पाहिजे, आणि ते काकांच्या भक्तांना रुचणार नाही. काकांनी विचारलेला प्रश्न होता, कापड कुठले? तो अर्धा प्रश्न आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा की, कापड कोणाच्या हातचे आणि त्या हातांना काय मिळाले? देशी म्हणजे न्यायाचे असे आपोआप होत नाही. याचा दाखला शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. स्लीमनच्या काळात, १८३० च्या दशकात, ठगीच्या खटल्यांत सापडलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना कामाला लावण्यासाठी जबलपुरात उद्योगशाळा निघाली. तिथले तंबू आणि गालिचे नावाजलेले होते, दूरवर विकले जात. माल अगदी इथला, विणणारे मात्र बंदिवान. मुंबईच्या देशी गिरण्यांत तरी काय होते? १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये असे लिहावे लागले, यावरून आधी काय चालत असेल ते समजावे. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास काम करण्याची मुभा होतीच. आपल्याकडच्या अनेक राष्ट्रीय बाण्याच्या वर्तमानपत्रांनी या कायद्याला विरोध केला, कारण त्यामागे लँकेशायरचा हात आहे असा त्यांचा संशय होता. संशय खरा होता. पण मुलेही खरी होती.

हा उरलेला अर्धा प्रश्न विचारला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते फुल्यांचे सहकारी, दीनबंधूचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, मागण्या लिहून काढल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आपण रविवारी मांडवात निवांत बसतो तेव्हा लोखंड्यांचे नाव कोणी काढत नाही. माझ्या दृष्टीने काकांचा चरखा आणि लोखंड्यांचा रविवार हे दोन्ही एकत्र आणले तर नातीच्या पुस्तकातली एथिकल फॅशन पुरी होते.

जगाला हे कळायला मात्र फार मोठी किंमत द्यावी लागली. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११३४ माणसे मेली. त्यांतली बहुतेक शिवण-कारखान्यांतली कामगार होती, पुष्कळशा तरुण मुली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तरी त्यांना कामावर बोलावले, कारण परदेशी कंपन्यांच्या मालाची तारीख पाळायची होती. त्यानंतर युरोप-अमेरिकेतले गिऱ्हाईक दुकानदाराला विचारू लागले की हा शर्ट कोणी शिवला? पाण्याचा हिशेबही आता मांडला जातो. एका सुती टी-शर्टामागे, कापूस पिकवण्यापासून, सुमारे २७०० लिटर पाणी लागते असा अंदाज नेहमी दिला जातो. दोनदा घालून फेकलेल्या शर्टाबरोबर ते सगळे फेकले जाते. आपल्या आयांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, उरलेली बोहारणीला देऊन पातेली घेतली. त्याला कोणी मोठे नाव दिले नव्हते.

मी फॅक्टरीत चौतीस वर्षे काढली, त्यांतली बरीचशी तपासणी विभागात. खमरिया असो, जी.सी.एफ. असो वा व्हेइकल फॅक्टरी, आपल्या सहकाऱ्यांना लॉट नंबर म्हणजे काय ते सांगायला नको. एखादा भाग सदोष निघाला तर तो कोणत्या पाळीत, कोणत्या मशीनवर, कोणाच्या हातून झाला ते कागदावरून शोधता येते. कुडत्याला तसा नंबर नसतो. गळ्यापाशी मापाची चिठ्ठी असते आणि धुण्याच्या सूचना असतात. जबलपूरचे सलवार-सूट देशभर जातात, त्या धंद्यासाठी गोहलपूरकडे लेमा गार्डनला वेगळे संकुलही उभे राहिले. म्हणजे शिवणारे हात आपल्याच गावात आहेत. स्कूटरवरून दहा-पंधरा मिनिटांत जाऊन पाहता येईल की कुडत्यामागे शिलाई किती पडते, काज-बटणाचे वेगळे किती, आणि पैसे त्याच आठवड्यात मिळतात की उत्सव संपल्यावर.

हे महाग पडेल, ही हरकत येणार आणि ती खोटी नाही. हातमागाचे कापड गिरणीच्या कापडाहून महाग असते. ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या आपल्या तरुण कार्यकर्त्याला स्वतःच्या खिशातून ते घे असे सांगणे अन्यायाचे होईल. काकांची वकिली चालत होती, त्यांना ते परवडले. पण एकदम शंभर कुडते घेणारे मंडळ आणि एक कुडता घेणारा माणूस यांची ताकद सारखी नसते. म्हणूनच काकांनी एकट्याने व्रत घेऊन न थांबता मंडळ काढले होते.

काकांच्या आयुष्याची शेवटची वर्षे धामधुमीची गेली. रानड्यांची व्याख्याने ऐकून स्वदेशीकडे वळलेल्यांत वासुदेव बळवंत फडके हेही होते. पुढे ते बंडाच्या वाटेने गेले, पकडले गेले आणि १८७९ मध्ये पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला. सरकारविरुद्ध शस्त्र उचललेल्या माणसाचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे. काकांचा मार्ग अर्ज-विनंत्यांचा आणि दुकानांचा, फडक्यांचा मार्ग त्यांना मान्य असण्याचे कारण नव्हते. तरी बचावासाठी ते उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप होऊन एडनला पाठवले गेले. काका २५ जुलै १८८० रोजी वारले, वय अवघे बावन्न. खादीचे व्रत साडेआठ वर्षे, शेवटपर्यंत, चालले.

सभा त्यांच्यामागे चालत राहिली, १८९५ मध्ये ती टिळकांच्या गटाकडे आली. स्वदेशीची लाट १९०५ मध्ये पुन्हा उठली, पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. आणि काका ज्या स्टेशनावरून निमूटपणे गेले असतील त्या आपल्या जबलपुरात, १९२३ च्या मार्चमध्ये, टाऊन हॉलवर झेंडा लावण्यावरून सत्याग्रह सुरू झाला. सुभद्राकुमारी चौहान त्यात होत्या. पुढे तो नागपूरला जाऊन देशभर गाजला. त्या झेंड्यावर चरखा होता आणि कापड खादीचे होते.